इराणची १९०६ची संसद कोणी बुडवली?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात आशियातल्या सुरुवातीच्या संसदांबद्दल बोलताना फळ्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या: जपान १८८९, इराण १९०६. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, जपानची घटना पन्नासहून जास्त वर्षं चालली आणि इराणची संसद पाच वर्षांत बंद पडली. इराणच्या लोकांचं लिहिताना काय चुकलं?"

मी म्हटलं, लिहिताना नाही गं, रशिया आणि ब्रिटन आडवे आले. तेवढ्यात तास संपला. पण घरी येईपर्यंत माझंच समाधान होईना. म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर १९०५ मध्ये तेहरानात साखर महागली. गव्हर्नरने साखरेच्या व्यापाऱ्यांना पकडून त्यांच्या तळपायांवर फटके मारले. बाजार बंद झाला. व्यापारी आणि धर्मगुरू शहराबाहेरच्या शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात जाऊन बसले. अशा आश्रय घेऊन बसण्याला तिकडे 'बस्त' म्हणतात, आपल्या धरण्याच्या जवळचं. मागणी होती अदालतखान्याची, म्हणजे न्याय मिळेल अशा एखाद्या जागेची. संसद हा शब्द तोवर पुढे आलेला नव्हता.

शहाने शब्द दिला आणि पाळला नाही. १९०६च्या उन्हाळ्यात मोठे धर्मगुरू रागाने कुम या धर्मक्षेत्री निघून गेले आणि तेहरानचे व्यापारी, कारागीर, विद्यार्थी ब्रिटिश वकिलातीच्या बागेत शिरले. बघता बघता बारा-चौदा हजार माणसं झाली. प्रत्येक धंद्याचा तंबू वेगळा, स्वयंपाक एकत्र. चांभार, शिंपी, सराफ रात्री कंदिलाच्या उजेडात बसून राज्यघटना म्हणजे काय ते शिकलेल्या पोरांकडून ऐकत होते. बागेत शिरताना न्याय मागणारी माणसं बाहेर पडताना मजलिस, म्हणजे संसद, मागत होती. ५ ऑगस्टला आजारी मुझफ्फरुद्दीन शहाने फर्मान काढलं, ऑक्टोबरात मजलिस भरली, ३० डिसेंबरला त्याने घटनेवर सही केली आणि काही दिवसांतच तो वारला.

मग आला ३१ ऑगस्ट १९०७. सेंट पीटर्सबर्गमध्ये ब्रिटन आणि रशियाने करार करून इराणची वाटणी केली. तेहरान, तब्रिझ, इस्फहान धरून सगळी उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेयेकडचं सिस्तान, केरमान, बंदर अब्बास ब्रिटनच्या, मधला पट्टा दोघांना मोकळा. कराराच्या आरंभीच इराणचं स्वातंत्र्य आणि अखंडता जपण्याचं वचन आहे. इराणला मात्र कोणी विचारलंसुद्धा नाही. ज्यांनी आपल्या बागेत त्या लोकांना बसू दिलं, त्यांनीच वर्षभरात त्यांचा देश नकाशावर वाटून घेतला. हे शिकवताना माझा आवाज चढतो, आणि तो चढलाच पाहिजे असं मला वाटतं.

२३ जून १९०८ ला नव्या मुहम्मद अली शहाच्या हुकमाने रशियन कर्नल ल्याखोवच्या कोसॅक पलटणीने (रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालची इराणी फौज) मजलिसवर तोफा डागल्या. तब्रिझ लढत राहिलं. जुलै १९०९ मध्ये घटनावाद्यांनी तेहरान परत घेतलं, शहाला हाकललं, दुसरी मजलिस भरली. आणि डिसेंबर १९११ मध्ये रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यानंतर तीही बंद झाली.

प्रश्न असा: ही संसद बाहेरच्यांनी मारली, की आतूनच पोखरलेली होती आणि बाहेरच्यांनी फक्त धक्का दिला? सोमवारी मला त्या मुलीला नीट उत्तर द्यायचं आहे.

काळाघोडा

उत्तम धागा. वकिलातीच्या बागेतल्या त्या जेवणाच्या डेगींचे फोटो पाहिले आहेत. माणूस आत उभा राहील एवढ्या, ओळीने चुलींवर चढवलेल्या. वाचतोय.

ठाम_मत

ताई, कळकळ पोचली, पण मी असहमत आहे. सगळं खापर परक्यांवर फोडलं की आपल्या माणसांच्या चुका दिसेनाशा होतात.

१९०९ मध्ये तेहरान कोणी जिंकलं? उत्तरेकडून एक बडा जमीनदार सरदार आणि दक्षिणेकडून बख्तियारी टोळ्यांचे खान. त्यांच्यात खरे क्रांतिकारक होते, रश्तकडून आलेला आर्मेनियन येप्रेम खान त्यातलाच. पण गादीजवळ बसले ते खान. मंत्रिपदं, प्रांतांची सुभेदारी सगळी त्यांच्या घरात. मजलिसमध्ये डेमोक्रॅट आणि मवाळ एकमेकांच्या जिवावर उठले. जुलै १९१० मध्ये आयातुल्ला बेहबहानींना घरात शिरून गोळ्या घातल्या. १९०६च्या बस्तात पुढे असलेले हेच ते धर्मगुरू.

आणि सत्तार खान? तब्रिझच्या एका मोहल्ल्यातला घोड्यांचा व्यापारी. शहाच्या फौजेला त्याने महिनोन्महिने शहरात शिरू दिलं नाही. ऑगस्ट १९१० मध्ये तेहरानच्या अताबक बागेत घटनावादी सरकारनेच त्याच्या माणसांकडून हत्यारं काढून घेताना गोळीबार केला. त्याच्या पायाला गोळी लागली, तो पुन्हा धड उभा राहिला नाही. ती गोळी रशियन नव्हती.

डोंगरीकर

@ठाम_मत, सत्तार खानचं लिहिलंत ते वाचून गलबललं. आमच्या घरी आजोबा त्याचं नाव आदराने घेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढे कोणीतरी "मुल्ला विरुद्ध घटना" असं मांडणारच. आम्ही शिया. आमच्याकडे आज धर्मगुरू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर १९७९ची इराणी क्रांती येते. पण १९०६ ते ११ या काळात इराकातल्या नजफमधले सर्वात मोठे तीन मुजतहिद (धर्मशास्त्रावर निर्णय देणारे शिया पंडित), आखुंद खुरासानी, मिर्झा हुसेन तेहरानी आणि अब्दुल्ला माझंदरानी, घटनेच्या बाजूने खंबीर उभे होते. शहाने मजलिस उडवली तेव्हा त्याच्याविरुद्ध नजफहून तारा सुटल्या. तिथल्याच नाईनी या पंडितांनी १९०९ मध्ये ग्रंथ लिहून मांडणी केली की बारावे इमाम गैबतीत (अदृश्य) असताना बेलगाम राजापेक्षा घटनेने बांधलेला राजा धर्माला जास्त जवळचा.

विरोधात होते शेख फझलुल्ला नूरी. आधी तेही चळवळीत होते. मग म्हणू लागले की 'मश्रूता' (अटींनी बांधलेली सत्ता) नको, 'मश्रूआ' (शरियतवर उभी सत्ता) हवी. त्यांचा मुख्य आक्षेप कायद्यापुढे सर्व समान या कलमाला होता. मुसलमान, पारशी, यहुदी, ख्रिस्ती एकाच तराजूत कसे? त्यांच्या आग्रहातूनच पुरवणी घटनेत कायदे तपासणाऱ्या पाच मुजतहिदांचं कलम आलं. शहाने मजलिस पाडली तेव्हा ते शहाबरोबर राहिले. ३१ जुलै १९०९ ला त्यांना तोफखाना चौकात जाहीर फाशी दिलं. त्यांचं मत मला पटत नाही, तरी ते फाशी ही घटनावाद्यांची मोठी चूक होती असं मला वाटतं. सत्तर वर्षांनी त्याच नूरींना हुतात्मा म्हणणारी राजवट आली.

रानजाई

डोंगरीकर, फार छान प्रतिसाद.

यात बायका कुठे आहेत? १९०६च्या निवडणूक कायद्याने जागा वर्गांना वाटल्या: राजपुत्र, धर्मगुरू, सरदार, जमीनदार, व्यापारी, कारागीर. बायकांना मत नाही. तरी राष्ट्रीय बँक काढायची ठरली तेव्हा त्यांनीच अंगावरचे दागिने काढून दिले. गुपचूप अंजुमने (मंडळं) काढल्या, मुलींच्या शाळा काढल्या. ऑगस्ट १९११ मध्ये हमदानच्या एका प्रतिनिधीने मजलिसमध्ये बायकांच्या मताचा विषय काढला तेव्हा सभागृह अवघडलं आणि विषय तिथेच राहिला.

आणि त्याच वर्षी रशियाचा खलिता आला, तेव्हा बुरख्यातल्या तीनशे बायका मजलिसवर चालून गेल्या. कित्येकींच्या कपड्यांत पिस्तुलं. अध्यक्षांना सांगितलं की तुम्ही कच खाल्लीत तर आम्ही आमचे नवरे, मुलगे आणि स्वतःलाही संपवू. मॉर्गन शूस्टरने हे लिहून ठेवलं आहे. मताचा हक्क नसलेल्या बायकांनी त्या मजलिससाठी एवढी तयारी दाखवली. त्यांना मत मिळालं १९६३ला.

काळाघोडा

रानजाई, अंगावर काटा आला. हा शूस्टर कोण पण?

हिशेबनीस

शूस्टरवर मी सांगतो, कारण माझ्या मते धागाकर्तीच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापाशी आहे. मी लेखापाल. तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासतो आहे. कुठलीही संस्था बुडाली की आधी बघायचं: पैसा कोणाच्या सहीने निघत होता?

इराणची वही उघडू. १८२८च्या तुर्कमानचाय तहाने रशियन मालावरची जकात पाच टक्क्यांवर बांधली गेली, पुढे इतर देशांनी तेच मागून घेतलं. म्हणजे इराणी सरकारला स्वतःची जकात वाढवता येत नव्हती. १८९० मध्ये नासिरुद्दीन शहाने तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रजाला दिला. लोकांनी हुक्का सोडला, शहाच्या जनानखान्यातसुद्धा हुक्के फुटले, आणि मक्ता रद्द करावा लागला. पण नुकसानभरपाई? पाच लाख पौंड. ते द्यायला १८९२ मध्ये कर्ज. इराणचं पहिलं परदेशी कर्ज ते.

मग १९०० मध्ये रशियाकडून सव्वादोन कोटी रूबल, १९०२ मध्ये आणखी एक कोटी. त्यातला बराच पैसा मुझफ्फरुद्दीन शहाच्या युरोपच्या सफरींवर उडाला. तारण म्हणून उत्तरेकडची जकात. वर अट, की रशियाला विचारल्याशिवाय दुसऱ्याकडून कर्ज काढायचं नाही. जकातखात्यावर बेल्जियन अधिकारी बसवलेले.

आता मजलिस येते. दुकानदार, सराफ, धान्याचे व्यापारी असलेली माणसं ती. त्यांनी पहिल्या काही महिन्यांत काय केलं पाहा. ब्रिटन आणि रशिया मिळून चार लाख पौंड द्यायला तयार होते, ते नाकारलं. स्वतःची राष्ट्रीय बँक काढायची म्हणाले. दरबाराचे तनखे छाटले. 'तुयूल' म्हणजे आपल्याकडच्या जहागिरीसारखी महसुलाची नेमणूक, ती रद्द केली. संसदेचं पहिलं काम त्यांना बरोबर समजलं होतं. म्हणूनच शहा चिडला, सरदार चिडले, सावकार चिडले.

शूस्टर चौतिशीतला अमेरिकन वकील. क्युबा आणि फिलिपिन्समध्ये जकातीचं काम केलेला. दुसऱ्या मजलिसने त्याला मे १९११ मध्ये खजिनदार म्हणून आणलं आणि जूनमध्ये कायदा करून सगळा जमाखर्च त्याच्या हाती दिला. त्याने ठरवलं, कर वसूल होईल आणि सगळ्यांकडून होईल. वसुलीसाठी खजिन्याची स्वतःची सशस्त्र पोलीस तुकडी उभी केली. जुलैत पदच्युत शहा रशियाच्या बाजूने कॅस्पियन ओलांडून फौज घेऊन परत आला. त्याला हरवलं. मग सरकारने बंडात सामील झालेल्या त्याच्या भावाची मालमत्ता जप्त करायचं ठरवलं. शूस्टरची माणसं जप्तीला गेली तर रशियन वकिलातीचे लोक आडवे आले.

२९ नोव्हेंबर १९११ ला खलिता आला. अठ्ठेचाळीस तासांत शूस्टरला काढा. यापुढे रशिया-ब्रिटनला विचारल्याशिवाय कुठलाही परदेशी सल्लागार नेमायचा नाही. आणि तुमच्यावर चालून येणाऱ्या रशियन फौजेचा खर्च तुम्हीच द्या. मजलिसने तो नाकारला. २४ डिसेंबरला मंत्रिमंडळाने बख्तियारी शिपाई पाठवून मजलिसला कुलूप लावलं. शूस्टर जानेवारीत गेला.

म्हणजे मजलिसने भाषणं केली, पंथांवर भांडणं केली, शेखांना फाशी दिलं, तोवर तिला जगू दिलं. खरा कर वसूल व्हायला लागला आणि सहा-सात महिन्यांत तिचा गळा दाबला.

ठाम_मत

हिशेबनीस, मुद्दा मानला. पण कुलूप लावणारे हात बख्तियारीच होते ना?

हिशेबनीस

होते. आणि खानांना पगार शूस्टरच्या सहीने मिळत होते, वाढीव मागण्या तो नाकारत होता. आतला शत्रू आणि बाहेरचा शत्रू एकाच खिडकीवर उभे होते.

उत्तरध्रुव

हिशेबनिसांच्या मुद्द्याला दोन शेजारी जोडतो.

इजिप्त, १८८२. तिथल्या प्रतिनिधीसभेने मागितलं काय? अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क. देश कर्जात होता आणि हिशेबावर ब्रिटन-फ्रान्सचे दोन नियंत्रक बसलेले. जानेवारीत दोघांनी मिळून धमकीवजा पत्र धाडलं. फेब्रुवारीत इजिप्तला नवी घटना मिळाली, ११ जुलैला ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. त्यानंतर ब्रिटिश फौज तिथे सत्तरच्या वर वर्षं राहिली.

चीन, १९१३. राजेशाही जाऊन वर्ष झालेलं. संसदेच्या निवडणुकीत कुओमिनतांग हा पक्ष पहिला आला. त्यांचा नेता सुंग च्याओरेन पंतप्रधान होईल असं दिसत होतं. मार्चमध्ये शांघायच्या रेल्वे स्थानकावर त्याला गोळी घातली. एप्रिलमध्ये ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, रशिया आणि जपान यांच्या बँकांनी राष्ट्राध्यक्ष युआन शिकाईला अडीच कोटी पौंडांचं कर्ज दिलं, मिठाच्या करावर. संसदेला विचारलं नाही. त्या पैशावर त्याने विरोधकांचं बंड मोडलं आणि पुढच्या जानेवारीत संसदच विसर्जित केली.

आता जपान. नदीकाठ, त्या मुलीला आधी हे सांगा की तुलना सरळ नाही. जपानची १८८९ची घटना सम्राटाने वरून दिलेली होती, ती क्रांती नव्हती. तिच्यात तरतूद होती की संसदेने अंदाजपत्रक मंजूर केलं नाही तर मागच्या वर्षीचं लागू होईल. राजसत्तेच्या हातून पैसा फारसा सुटला नव्हता. आणि १८७०च्या सुरुवातीच्या दोन कर्जांनंतर विसाहून जास्त वर्षं जपानने लंडनकडे हात पसरला नाही. शेतकऱ्याकडून जमीनमहसूल कडक वसूल केला. त्याची किंमत त्या शेतकऱ्याने मोजली.

मांडवीतीर

देव बरें करूं. मी पणजीहून. तुम्ही सगळे बाहेरच्या सत्तांबद्दल लिहिताय, आमच्या गोव्याचं एक उदाहरण ठाम_मत यांच्या बाजूने जातं.

पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये यादवी संपून घटनावादी जिंकले. त्यांनी नेवऱ्याचा बर्नार्दो पेरिश द सिल्वा, अस्सल गोंयकार, प्रीफेक्ट म्हणून गोव्याचा कारभार चालवायला पाठवला. जानेवारी १८३५ मध्ये त्याने कारभार हाती घेतला. १७ दिवस! सतराव्या दिवशी इथल्या गोऱ्या आणि मिश्र रक्ताच्या लष्करी अंमलदारांनी उठाव करून त्याला हुसकलं. तो मुंबईला गेला, मग दमणला. त्याच्या बाजूच्या सैनिकांची मिरामारजवळच्या गास्पार दियश किल्ल्यावर कत्तल झाली. तिथे ना रशिया ना इंग्लंड. ज्यांची पिढीजात पदं जात होती ते पुरेसे होते.

शाळेत असताना हे मला कोणी सांगितलं नाही. पणजीहून मिरामारला जाणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं वाटतं.

रानजाई

हे अजिबात माहीत नव्हतं. मांडवीतीर, यावर वेगळा धागा काढाच.

घाटमाथा

तारखांचं एक पाहा. तेहरानात मजलिसवर तोफा डागल्या २३ जून १९०८ ला. लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली २४ जूनला. २२ जुलैला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं. आणि त्या संपात असतानाच, २४ जुलैला, इस्तंबूलमध्ये तरुण तुर्कांच्या उठावापुढे सुलतान अब्दुल हमीदने तीस वर्षं गुंडाळून ठेवलेली १८७६ची घटना परत लागू केली. एका महिन्यात तीन शहरं.

यातल्या तेहरान आणि मुंबईला जोडणारा धागा लंडनमध्ये होता. परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे आणि भारतमंत्री मोर्ले एकाच लिबरल मंत्रिमंडळात बसत होते. ग्रेला जर्मनीविरुद्ध रशिया हवा होता, म्हणून तेहरान सोडून दिलं. आणि ब्रिटनने आपल्या वाट्याला सिस्तान का मागितलं? हिंदुस्थानकडे येणारी वाट तिथून जाते म्हणून. इराणच्या वाटणीचं कारण म्हणून नकाशावर आपलंच नाव लिहिलेलं आहे. ब्रिटनने १९११च्या अखेरीस बुशहरहून शिराझला जे घोडदळ पाठवलं ते सेंट्रल इंडिया हॉर्स, हिंदी सवारांचं. ज्या देशाची माणसं स्वतः घटना मागत होती त्यांनाच तिकडे पाठवलं. हे मला फार लागतं.

काळाघोडा

अवांतर: मुंबईचे इराणी या धामधुमीमुळेच आले का? लहानपणापासून त्यांच्या ब्रून-मस्क्यावर वाढलोय, पण हे कधी विचारलं नाही.

डोंगरीकर

अवांतराला अवांतर. केवळ त्यामुळे नाही. यझ्द आणि केरमानचे झरतुष्टी त्याआधीपासून येत होते, जिझिया आणि छळाला कंटाळून. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारियांना तिकडे पाठवलं. त्यांनी जवळजवळ तीस वर्षं खपून १८८२ मध्ये जिझिया रद्द करून घेतला. पण क्रांतीशी संबंध आहे. पहिल्या मजलिसमध्ये झरतुष्ट्यांचा एक प्रतिनिधी होता, तेहरानचे सावकार अरबाब जमशीद. दुसऱ्या मजलिसपासून ती जागा अरबाब कैखुसरो शाहरुख यांनी सांभाळली. त्यांचं काही शिक्षण आपल्या मुंबईत झालेलं.

बर्फाळवाट

टोरांटोहून लिहिते. माझ्या प्रयोगशाळेत तब्रिझची एक सहकारी आहे. हा धागा तिला तोंडी सांगितला. तिने सगळ्यात आधी सांगितलं ते वेढ्याचं. १९०८-०९च्या हिवाळ्यात शहाच्या फौजेने तब्रिझचे रस्ते तोडले, धान्य संपलं. लोकांनी 'योंजे' खाल्लं. तिने फोनवर चित्र दाखवलं तर ते आपलं लसूणघास! माझ्या माहेरी गाईला घालायचे ते. तिच्या पणजीने ते शिजवून पोरांना घातलं होतं, आणि ही गोष्ट घरात अजून सांगतात.

तिथे मिशनच्या शाळेत हॉवर्ड बास्करव्हिल नावाचा तरुण अमेरिकन शिक्षक होता. आपल्या विद्यार्थ्यांबरोबर तो वेढा फोडायला गेला आणि एप्रिल १९०९ मध्ये मारला गेला. चोवीस वर्षांचा. शहरभर त्याची अंत्ययात्रा निघाली. मग काही दिवसांतच परकीयांना वाचवायच्या नावाखाली रशियन फौज आत आली. धान्याचा रस्ता उघडला, पण फौज गेली नाही. १९११च्या अखेरीस, मुहर्रमच्या दहाव्या दिवशी, त्याच फौजेने तब्रिझचे धर्मगुरू सिकतुल इस्लाम यांना इतरांसह फासावर चढवलं. आशुराच्या दिवशी. ती हे सांगताना थांबली. मीही काही बोलले नाही.

आणि नदीकाठ, तिने तुमच्या विद्यार्थिनीच्या वाक्यात एक भर घालायला सांगितलंय. पाच वर्षांत संसद बंद पडली, घटना गेली नाही. घटनेचा कागद १९७९ पर्यंत चालू होता. मजलिसही पुढे पुन्हा भरली. पंतप्रधान मोसद्दिकांनी १९५१ मध्ये तेल राष्ट्रीय मालकीचं केलं ते त्याच घटनेखाली, आणि १९५३ मध्ये त्यांना उलथवलं तेही त्याच घटनेखाली. पहिल्या मजलिसला ते निवडून आले होते, पण वय कमी पडल्याने बसू शकले नव्हते.

हिशेबनीस

तेलाचं बरं आठवलं. मस्जिद सुलेमानला तेल लागलं ते २६ मे १९०८. मजलिसवर तोफा पडायच्या आधी महिनासुद्धा नाही. १९१४ मध्ये त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग ब्रिटिश सरकारने घेतले.

ठाम_मत

हा धागा वाचून माझं मत थोडं हललं आहे, ते सांगतो. खान, धर्मगुरू, पक्ष यांची भांडणं होती, पण भांडणं कुठल्या नव्या संसदेत नसतात? भांडून, चुकून, शिकून वीस-पंचवीस वर्षांत ती निवळतात. इराणला ती वर्षं मिळाली नाहीत. तरी सत्तार खानच्या पायातली गोळी मी विसरणार नाही. ती चूक त्यांची त्यांनी केली.

नदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोमवार, तास झाला.

मी फळ्यावर घटनेची कलमं लिहिली नाहीत. हिशेबनिसांची वही लिहिली: १८२८, १८९२, १९००, १९०२, १९११. बाजूला इजिप्त आणि चीन. मग रानजाईंच्या तीनशे बायका सांगितल्या आणि बर्फाळवाट यांचं लसूणघास. वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची आहेत. लसूणघास म्हटल्यावर मागची कुजबुज थांबली. मी त्यांना माझं मत स्पष्ट सांगितलं: इराणच्या लोकांचं लिहिताना फारसं चुकलं नव्हतं. चुका पुढे केल्या, त्याही सांगितल्या, सत्तार खान आणि शेख नूरी दोन्ही. पण आपल्याच खजिन्याची किल्ली हातात घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला आणि दोन साम्राज्यांनी त्यांचा हात पिरगाळला.

त्या मुलीने सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, "बाई, मग ते रशियाचं कर्ज शेवटी फेडलं कोणी?"

मला सांगता आलं नाही. हिशेबनीस?

हिशेबनीस

मुलगी हुशार आहे. तिला सांगा, ते कर्ज माफ झालं. झारशाही कोसळल्यावर सोव्हिएत रशियाने २६ फेब्रुवारी १९२१च्या तहात इराणवरची जुनी रशियन कर्जं आणि सवलती सोडून दिल्या. पण त्याच्या पाचच दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, रझा खान कोसॅक फौज घेऊन तेहरानात शिरला होता. १९०८ मध्ये मजलिसवर तोफा डागणाऱ्या पलटणीतूनच वाढलेली ती फौज. १९२५ मध्ये तो शहा झाला.

नदीकाठ

उद्या तिला सांगते.